तरुणांमधील दंतमूलगत रोग : शस्त्रकर्माविना चिकित्सा

हिरड्यांतून रक्त येणे, मुखदुर्गंधी, हिरड्यांना सूज व कंडू, थंड पाणी लागणे, दात हलल्यासारखे वाटणे या तक्रारी उतारवयातील रुग्णांपुरत्या मर्यादित आहेत असा एक समज रूढ आहे. प्रत्यक्षात पंधरा ते तीस वर्षे वयाचे रुग्ण या तक्रारी घेऊन आपल्याकडे वरचेवर येतात. त्यांपैकी अनेकांनी दंतवैद्याकडे जाण्याचे टाळलेले असते. यंत्राची भीती, खर्चाची धास्ती आणि 'दात साफ करून घेतले की ते हलू लागतात' हा सर्वत्र ऐकू येणारा प्रवाद ही त्यामागील प्रमुख कारणे होत. आयुर्वेदात कापाकापीशिवाय उपाय असेल, या विश्वासाने रुग्ण वैद्याकडे येतो आणि बहुधा एखाद्या मंजनाची किंवा काढ्याची मागणी करतो.

शस्त्रकर्माविना हा रोग बरा होतो का, या प्रश्नाचे उत्तर तरुण वयात बहुतांशी होकारार्थी आहे. परंतु शस्त्रकर्माविना चिकित्सा म्हणजे केवळ औषधी चिकित्सा नव्हे. दातावर आणि हिरडीखाली साठलेले कीटण काढल्याशिवाय दिलेले कोणतेही मंजन, गंडूष किंवा आभ्यंतर औषध रोगाचे मूळ काढू शकत नाही. हे मत दंतवैद्यकाकडून उसने घेतलेले नाही. सुश्रुतांच्या चिकित्साक्रमातच ते स्पष्टपणे अनुस्यूत आहे. प्रस्तुत लेखात हा क्रम, त्याला आजच्या ज्ञानाची मिळणारी जोड आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

शास्त्रीय भूमिका

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील सोळाव्या अध्यायात मुखरोगांची एकूण संख्या ६५ सांगितली असून त्यांपैकी १५ रोग दंतमूलाश्रित आहेत. शीताद, दंतपुप्पुटक, दंतवेष्ट, शौषिर, महाशौषिर, परिदर, उपकुश, वैदर्भ, वर्धन, अधिमांस आणि पाच प्रकारच्या नाडी असे हे पंधरा रोग होत. तरुण रुग्णांच्या दृष्टीने त्यांपैकी पाचांची ओळख प्रत्येक चिकित्सकाला असावी.

शीतादात कफ व रक्त दूषित होऊन हिरड्या मृदू, क्लिन्न व काळपट होतात, दुर्गंधी येते आणि अकस्मात रक्तस्राव होतो. दंतवेष्टात दूषित रक्तामुळे हिरडीतून पूय व रक्त वाहते आणि दात चल होतात. उपकुशात पित्त व रक्त यांच्या दुष्टीने दाह व पाक होतो, किंचित घर्षणानेही रक्त येते, वेदना मात्र अल्प असते. वैदर्भ हा आगंतू असून हिरड्यांवर जोराने घर्षण केल्याने सूज व दंतचलत्व निर्माण करतो. अधिमांसात शेवटच्या दाढेच्या ठिकाणी तीव्र वेदनेसह शोथ होतो. अक्कलदाढ उगवण्याच्या वयात म्हणजे साधारणतः १७ ते २५ या काळात आढळणारी सूज ती हीच.

उपकुशातील अल्पवेदनेचा उल्लेख विशेष महत्त्वाचा आहे. हिरड्यांचा विकार बहुधा दुखत नाही. रुग्ण दुखण्याची वाट पाहतो आणि दुखू लागेपर्यंत दाताचा आधार बराच नष्ट झालेला असतो.

आता चिकित्सेकडे वळू. चिकित्सास्थानातील बाविसाव्या अध्यायात शीताद, दंतवेष्ट, शौषिर व उपकुश या सर्वांमध्ये प्रथम रक्तविस्रावण, त्यानंतर प्रतिसारण व गंडूष आणि आवश्यकतेनुसार नस्य असा क्रम आढळतो. उपकुशात तर ऊर्ध्वाधःशोधन करून काकोदुंबरिका, गोजी यांसारख्या खरखरीत पानांनी हिरडीचे घर्षण करून रक्त काढण्याचा निर्देश आहे. कोणत्याही ठिकाणी केवळ चूर्ण चोळून थांबावे असे म्हटलेले नाही.

याच अध्यायात दंतशर्करेची चिकित्सा येते. दंतशर्करा म्हणजे दातावर साठून कठीण झालेला मल; आपल्या बोलीतील कीटण आणि दंतवैद्यांचा टार्टर तो हाच. शर्करा हा दंतगत रोग म्हणून स्वतंत्र सांगितला असला तरी तिच्या चिकित्सेचा नियम दंतमूलांना उद्देशून आहे. वैद्याने दंतमूलांना इजा न करता शर्करा उचलून काढावी आणि त्यानंतर लाक्षाचूर्ण मधासह प्रतिसारणार्थ वापरावे, असा हा निर्देश आहे. आधी उद्धरण आणि मग प्रतिसारण, हा क्रम उलटवण्याचे कोणतेही कारण आपल्याजवळ नाही.

आजच्या ज्ञानाची जोड

आधुनिक दंतवैद्यक हिरड्यांच्या विकाराच्या दोन अवस्था मानते. पहिलीत दाह हिरडीपुरता असतो. तिला जिंजिव्हायटिस म्हणतात. दुसरीत दाह खोलवर जाऊन दाताला धरून ठेवणारे तंतू व भोवतीचे अस्थी क्षीण होतात. ही अवस्था पेरिओडोंटायटिस होय. शीतादाचे पहिलीशी आणि दंतवेष्ट व उपकुश यांचे दुसरीशी साधर्म्य दाखवले जाते. हे साम्य तंतोतंत नाही, तथापि व्यवहारासाठी उपयुक्त आहे.

पहिली अवस्था पूर्णपणे परत फिरणारी आहे. १९६५ साली डेन्मार्कमधील आरहूस येथे हॅराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ व्यक्तींना दातांची स्वच्छता पूर्णपणे थांबवण्यास सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला आणि स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात तो नाहीसा झाला. दातावरील मऊ थर हाच दाहाचा निकट हेतू आहे, हे या प्रयोगाने सिद्ध झाले. नित्य दंतधावनाला दिनचर्येत एवढे मानाचे स्थान का दिले गेले, याचे दुसरे उत्तर शोधण्याची गरज उरत नाही.

हा मऊ थर काही दिवसांतच लाळेतील खनिजांमुळे कठीण होऊ लागतो. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडील बाजू येथे लालाग्रंथींची मुखे जवळ असल्याने कीटण अधिक साठते. एकदा ते कठीण झाले की ब्रश, दातवण किंवा मंजन यांपैकी कशानेही निघत नाही. त्याचा खडबडीत पृष्ठभाग नवीन थराला आसरा देतो आणि हिरडी दातापासून सुटत जाते. निरोगी हिरडी व दात यांमधील फट १ ते ३ मि.मी. असते. ती ४ मि.मी. किंवा त्याहून खोल झाली आणि आधार सुटलेला आढळला, तर तेथपर्यंत घरातील कोणतेही साधन पोहोचत नाही. गंडूषाचा द्रवही या खोल फटींच्या तळाशी जात नाही. आपल्या औषधांच्या मर्यादेचे कारण हेच आहे.

दुसऱ्या अवस्थेत झिजलेले अस्थी औषधाने पूर्ववत होत नाहीत. योग्य चिकित्सेने रोग थांबतो, फट उथळ होते आणि उरलेला आधार टिकतो. तरुण वयात हे उरलेले भांडवल मोठे असते. म्हणूनच लवकर केलेल्या चिकित्सेचे मोल तेथे सर्वाधिक आहे.

तरुणांमधील विशेष हेतू

सर्वसामान्य हेतूंखेरीज तरुण वयात पुढील बाबी आवर्जून विचाराव्यात.

१) यौवनारंभ व गर्भावस्था : या काळातील अंतःस्रावांच्या बदलांमुळे थोड्याशा कीटणानेही हिरड्या अधिक सुजतात. गर्भिणीने 'आता काही करायचे नाही' म्हणून स्वच्छता थांबवू नये. कीटण काढणे गर्भावस्थेत निषिद्ध नाही. चौथा ते सहावा महिना त्यासाठी अधिक सोयीचा असतो.

२) दातांना लावलेल्या तारा : तारेभोवती अन्नकण व मल साठतो. अशा रुग्णाला दातांच्या फटींतून जाणारा बारीक ब्रश वापरण्यास सांगावे.

३) मुखश्वसन : नाक चोंदलेले असणाऱ्या मुलांत वरच्या पुढच्या हिरड्या कोरड्या, लाल व सुजलेल्या दिसतात. येथे नासारोगाची चिकित्सा केल्याशिवाय हिरडी सुधारत नाही.

४) मिश्री, तंबाखू, गुटखा व धूम्रपान : मिश्री ही भाजलेली तंबाखू होय. ती दात घासण्यासाठी वापरण्याची प्रथा महाराष्ट्राच्या अनेक भागांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, रुजलेली आहे आणि आईकडून मुलीकडे जाते. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे आत रोग वाढत असूनही हिरडी बरी भासते, हे ध्यानात ठेवावे.

५) मधुमेह : तरुणात हिरड्यांचा विकार अनपेक्षितपणे तीव्र असेल किंवा वारंवार गळू होत असेल तर रक्तशर्करेची तपासणी अवश्य करावी.

६) औषधे : अपस्मारासाठी दिले जाणारे फेनिटॉइन, प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन आणि उच्च रक्तदाबावरील काही औषधे यांमुळे हिरड्या वाढतात. मूळ औषध आपण होऊन बंद करू नये. ते देणाऱ्या चिकित्सकाशी संपर्क साधावा.

यापेक्षा वेगळा असा एक प्रकार आहे. काही किशोरवयीन व तरुण रुग्णांत कीटण फारसे नसते, हिरडीही बाहेरून जवळजवळ निरोगी दिसते. परंतु सहाव्या वर्षाच्या सुमारास आलेल्या पहिल्या कायमच्या दाढा आणि पटाशीचे दात यांच्याभोवतीचे अस्थी वेगाने झिजतात. पूर्वी यास आक्रमक पेरिओडोंटायटिस म्हणत. २०१७ च्या जागतिक परिषदेत ठरलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात हे स्वतंत्र नाव राहिले नाही. रोगाचा टप्पा, वाढीची गती आणि दाढा-पटाशी असा विस्तार यांनुसार त्याची नोंद होते. हा रोग एकाच कुटुंबात अनेकांना होऊ शकतो. म्हणून असा रुग्ण आढळल्यास त्याच्या भावंडांचीही तपासणी करवावी.

दर्शन, स्पर्शन, प्रश्न

वैद्याच्या चिकित्सालयात पाच मिनिटांत होणारी तपासणी पुष्कळ माहिती देते. चांगल्या प्रकाशात ओठ व गाल बाजूला करून सर्व हिरड्या पाहाव्यात. निरोगी हिरडी घट्ट, फिकट गुलाबी किंवा वर्णानुसार सावळी आणि दातांमध्ये टोकदार असते; रुग्ण हिरडी तांबडी, चकचकीत व टोके बोथट झालेली दिसते. खालच्या पुढच्या दातांच्या मागे कीटण आहे का, हे छोट्या आरशाने पाहावे. हातमोजा घालून हिरडीवर बोटाने हलका दाब द्यावा. पू येत असल्यास तो दिसतो. प्रत्येक दात दोन साधनांच्या दांड्यांमध्ये धरून हलतो का ते पाहावे. पुढील दातांमध्ये नव्याने फट पडली आहे का, हे रुग्णाला विचारावे. अनेकदा जुन्या छायाचित्राशी तुलना केल्यावर ते लक्षात येते.

ही तपासणी संशय घेण्यासाठी पुरेशी आहे, निश्चितीसाठी नाही. फटीची खोली दंतवैद्याच्या मापनशलाकेनेच कळते आणि अस्थींची झीज क्ष-किरण चित्रातच दिसते.

चिकित्साक्रम

(अ) शर्करोद्धरण : प्रत्येक रुग्णात ही पहिली पायरी होय. दंतवैद्य स्केलिंगने हिरडीवरील व हिरडीखालील कीटण काढतो आणि खोल फटी असल्यास मुळाचा पृष्ठभागही स्वच्छ करतो. त्यात हिरडीला छेद द्यावा लागत नाही. शालाक्यतंत्राचे पदव्युत्तर शिक्षण व या साधनांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतलेल्या, तसेच निर्जंतुकीकरणाची पूर्ण व्यवस्था असलेल्या वैद्याखेरीज इतरांनी हे कर्म स्वतः करण्याचा मोह टाळावा. खर्चाची अडचण असल्यास रुग्णाला मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये किंवा गोव्यातील बांबोळीचे दंत महाविद्यालय यांसारख्या संस्था सुचवाव्यात. हृदयात कृत्रिम झडप असलेल्या किंवा पूर्वी हृदयाच्या अंतःस्तराचा संसर्ग झालेल्या रुग्णाने ते दंतवैद्याला आधीच सांगावे.

'साफ केल्याने दात हलतात' या प्रवादाचे निराकरण याच वेळी करावे. ज्याचे अस्थी आधीच झिजलेले आहेत त्याचे दात कीटणाच्या कठीण पट्ट्याने एकमेकांना बांधल्यासारखे राहतात. कीटण निघाल्यावर आधीचेच चलत्व आणि आधीच्याच फटी उघड होतात. सूज उतरल्याने मूळ थोडे उघडे पडून काही दिवस थंड लागते, तेही बहुधा कमी होत जाते. हे पूर्वीच समजावले तर रुग्ण घाबरत नाही आणि चिकित्सा अर्धवट सोडत नाही.

(आ) दंतधावन : सुश्रुतांनी दातवण बारा अंगुळे लांब, करंगळीएवढे जाड, सरळ व गाठी नसलेले असावे असे सांगून कषाय रसात खदिर, तिक्तात निंब, मधुरात मधूक आणि कटूत करंज श्रेष्ठ मानला आहे. एकेक दात मृदू कुंचल्याने आणि हिरड्यांना इजा न करता घासावा, हा त्यांचा आग्रह आहे. आज हाच नियम मऊ केसांच्या ब्रशला लागू करावा. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी सुमारे दोन मिनिटे, हिरडी व दात यांच्या सीमेवर लहान लहान फेऱ्यांनी घासण्याची पद्धत प्रत्यक्ष दाखवावी. दातांच्या फटींची स्वच्छता दिवसातून एकदा तरी व्हावी. मुखपाक असताना काष्ठाने दंतधावन निषिद्ध आहे. त्या काळात गंडूषावर भर द्यावा. ज्याला किडीचा त्रास आहे त्याने दंतवैद्याने सांगितलेली फ्लोराइडयुक्त पेस्ट आपल्या मंजनासाठी सोडू नये.

रक्त येते म्हणून घासणे बंद केले, असे सांगणारे रुग्ण पुष्कळ असतात. घासणे थांबले की थर वाढतो, थर वाढला की दाह वाढतो आणि रक्तही वाढते. हे चक्र तोडण्यासाठी हळुवारपणे पण न चुकता घासणे हाच उपाय आहे, हे निःसंदिग्धपणे सांगावे.

(इ) गंडूष व कवल : शीतादासाठी शुंठी, सर्षप, त्रिफळा, मुस्ता व रसांजन यांचा काढा सांगितला आहे. व्यवहारात त्रिफळ्याची भरड १५ ग्रॅम, पाणी २४० मि.लि., चतुर्थांश उरवून गाळलेला कोमट काढा दिवसातून दोनदा वापरणे सुलभ होते. पित्तप्रधान, दाह असलेल्या रुग्णात वड, पिंपळ, उंबर इत्यादी क्षीरी वृक्षांच्या सालींचा काढा थंड करून द्यावा. काढा रोज ताजा करावा. त्रिफळा आणि क्लोरहेक्सिडीन यांच्या चुळांची तुलना करणारे काही अभ्यास भारतात झाले असून हिरडीपुरत्या दाहात दोन्हींचे परिणाम जवळपास सारखे आढळले आहेत. क्लोरहेक्सिडीनने दातांवर डाग पडतात व चव बदलते. तथापि हे अभ्यास लहान व अल्पकाळाचे आहेत. खोल फटींच्या रोगात त्यांच्या आधारे मोठा दावा करू नये.

तिळतेलाच्या गंडूषाने हनुबल व दंतदार्ढ्य येते असे चरकांनी दिनचर्येत सांगितले आहे. २००९ साली इंडियन जर्नल ऑफ डेंटल रिसर्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० किशोरवयीन मुलांमध्ये तिळतेलाची तुलना क्लोरहेक्सिडीनशी केली असता दहा दिवसांत थर व हिरडीचा दाह दोन्ही गटांत कमी झाले. सकाळी घासण्यापूर्वी एक ते दोन चमचे तेल काही मिनिटे तोंडात खेळवून थुंकणे हा तरुणांना झेपणारा विधी आहे. लहान मुलांना तो देऊ नये. तेल श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो.

(ई) प्रतिसारण : लोध्र, पत्तंग, यष्टी व लाक्षा यांचे वस्त्रगाळ चूर्ण मधात कालवून बोटाच्या अग्राने हिरडीवर हळुवार लावावे आणि दहा मिनिटांनी चूळ भरावी. मध रात्रभर दातांवर ठेवू नये; त्यातील शर्करेमुळे किडीला पोषण मिळते. इरिमेदादि तैलाचाही प्रतिसारण व कवलासाठी उपयोग करता येतो.

(उ) शोधन व आभ्यंतर चिकित्सा : मलावष्टंभ, आम्लपित्त व रक्तदुष्टीची लक्षणे असलेल्या रुग्णात त्रिफळा किंवा आरग्वध यांचे मृदू विरेचन, गुडूची, मंजिष्ठा, सारिवा यांचे योग, तसेच गंधक रसायन प्रकृती व बल पाहून द्यावे. रात्री जागरण, वारंवार चहा, बेकरीचे चिकट पदार्थ आणि शीतपेये हे आजच्या तरुणाचे नित्याचे अपथ्य आहे. त्यावर बोलल्याशिवाय औषधपत्र पूर्ण होत नाही. आभ्यंतर चिकित्सा शरीराची प्रतिक्रिया सुधारण्यास साहाय्यक होते, स्थानिक मलाची जागा घेत नाही.

(ऊ) पुनर्तपासणी : हिरडीपुरता रोग असल्यास दोन ते चार आठवड्यांत स्पष्ट सुधारणा दिसावी. फटींच्या रोगात सहा ते बारा आठवड्यांनी दंतवैद्याने खोली पुन्हा मोजावी. मध्यम खोल फटी केवळ मूळ स्वच्छ केल्याने साधारण १ मि.मी., तर अधिक खोल फटी सुमारे २ मि.मी. उथळ होतात. त्यानंतर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आयुष्यभर चालू राहावी.

रक्त थांबले म्हणजे रोग गेला का?

या लेखाचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. लोध्र, खदिर, बाभूळ, माजूफळ, तुरटी ही कषाय व स्तंभन द्रव्ये होत. ती हिरडीवर चोळली की पृष्ठभाग आवळतो, सूज थोडी उतरते आणि रक्त बंद होते. रुग्ण समाधानी होतो, वैद्यालाही यश आल्यासारखे वाटते. परंतु खाली कीटण तसेच असेल तर फट आत वाढतच राहते. रक्त हे रुग्णाला मिळणारे बहुधा एकमेव पूर्वसूचन असते. शर्करोद्धरणापूर्वी स्तंभन करणे म्हणजे ते सूचन दडपणे होय. सुश्रुतांनी आधी विस्रावण का सांगितले, आधी स्तंभन का नाही, याचा या प्रकाशात विचार व्हावा.

अशा रुग्णाचे चित्र ओळखीचे आहे. एकोणिसाव्या वर्षी हिरडीतून रक्त येऊ लागते. घरच्यांनी आणून दिलेल्या कषाय मंजनाने ते दोन आठवड्यांत थांबते. मंजन तीन-चार वर्षे नेमाने चालू राहते. तेविसाव्या वर्षी पुढच्या दोन दातांत फट दिसते आणि दाढ हलू लागते. क्ष-किरण चित्रात अर्धे अस्थी गेलेले आढळतात. मंजनाने अपाय केला नाही, त्याने केवळ घंटा बंद केली. हा दात पहिल्याच महिन्यात कीटण काढून आणि त्याच मंजनाचा नंतर उपयोग करून वाचवता आला असता.

त्वरित पाठवावेत असे रुग्ण

पुढील स्थितींत स्थानिक उपचार करीत बसू नये :

१) हिरड्यांची सूज व रक्तस्राव यांसोबत ज्वर, पांडुता, अंगावर रक्ताचे डाग किंवा ग्रंथिशोथ असल्यास त्याच दिवशी संपूर्ण रक्तगणना करवावी. रक्ताचा कर्करोग हिरडीतून प्रथम प्रकट होऊ शकतो, तर साथीच्या दिवसांत डेंग्यूचा विचार करावा लागतो.

२) दातांमधील हिरडीची टोके कुरतडल्यासारखी झडणे, तीव्र वेदना व उग्र दुर्गंधी.

३) तिशीच्या आत दात हलणे, दातांत नव्याने फट पडणे किंवा वारंवार गळू होणे.

४) अक्कलदाढेच्या सुजेसोबत तोंड न उघडणे, गिळताना त्रास, मानेवर सूज किंवा ज्वर.

५) गुटखा, मिश्री वा तंबाखू सेवन करणाऱ्यात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा तोंड कमी उघडणे.

शर्करोद्धरण व उत्तम दंतधावन यांनंतरही ६ मि.मी. किंवा अधिक खोल फटी उरल्यास दंतवैद्य शस्त्रकर्माचा सल्ला देऊ शकतो. तरुणातील विस्तृत व वेगवान रोगात विशिष्ट प्रतिजैविकांची जोडही तो देतो. अशा वेळी 'आमच्याकडे याशिवाय बरे होते' असे म्हणून रुग्णाला थांबवणे शास्त्राला धरून नाही. अधिमांसात छेदन सांगणारे सुश्रुतच आहेत.

औषधालय चालकांसाठी

हिरड्यांचा रुग्ण अनेकदा वैद्यापूर्वी औषधालयाच्या काउंटरवर येतो. त्यामुळे औषधालय चालकांची भूमिका मोठी आहे. दंतमंजन वस्त्रगाळ असावे; चिमटीत चोळल्यावर कचकच लागणारे चूर्ण परत करावे. भरड गेरू, राख, विटेचा भुगा किंवा कोळसा असलेली मंजने दाताचे आवरण झिजवतात आणि शास्त्रोक्त वैदर्भाला आमंत्रण देतात. दशनसंस्कार चूर्णात खडूचे प्रमाण इतर सर्व द्रव्यांइतके असते. म्हणूनच त्याच्या सूक्ष्मतेवर सर्व गुण अवलंबून आहे. तंबाखूयुक्त टूथपेस्ट व टूथपावडर यांच्या उत्पादन-विक्रीवर भारतात १९९२ पासून बंदी आहे, याचे स्मरण असावे.

ग्राहकाने रक्त थांबवणारे मंजन मागितल्यास दोन प्रश्न विचारावेत : रक्त किती दिवसांपासून येते, आणि दात तपासून कीटण काढले आहे का? दोन आठवड्यांहून अधिक काळ रक्त येत असल्यास मंजन देतानाच तपासणीचा सल्लाही द्यावा. एकच मंजन वर्षानुवर्षे नेणारा ग्राहक हा चांगला ग्राहक खराच, पण त्याच्या हिरड्या एकदा कुणीतरी पाहिल्या पाहिजेत.

उपसंहार

तरुण रुग्णाचा दात वाचवणे म्हणजे पुढील चाळीस-पन्नास वर्षांचे त्याचे अन्नग्रहण, वाणी आणि मुखकांती वाचवणे होय. त्यासाठी शस्त्रकर्माची गरज बहुतेकांना पडत नाही. गरज पडते ती क्रम पाळण्याची. प्रथम कीटण काढावे, मग हिरडीला इजा न करता घासण्यास शिकवावे, त्यानंतर गंडूष व प्रतिसारण योजावे आणि शेवटी पुन्हा मोजावे. आपल्या परिसरातील एका दंतवैद्याशी प्रत्येक वैद्याने परिचय ठेवावा, रुग्णासोबत दोन ओळींची चिठ्ठी द्यावी आणि परत आलेल्या रुग्णाची पुढील चिकित्सा स्वतः चालवावी. यात आयुर्वेदाचे कोणतेही न्यूनत्व नाही. वैद्यबंधू-भगिनींनी आणि औषधालय चालकांनी एवढा संकल्प केला, तरी आपल्या भागातील अनेक तरुणांचे दात वेळीच वाचतील.